खाण कुणाची, शहर कुणाचं?

ब्रोकन हिल हे शहर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात मोडतं, पण तिथली घड्याळं राज्याच्या राजधानीचं ऐकत नाहीत. सिडनीत बारा वाजतात तेव्हा इथे साडेअकराच झालेले असतात. शहर चालतं ते शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया राज्याच्या वेळेवर. सिडनी इथून अकराशे किलोमीटरहून लांब आहे आणि ॲडलेड पाचशेच्या आसपास. पहिली चाळीस वर्षं इथली आगगाडीसुद्धा फक्त ॲडलेडच्या बाजूला जात होती. कागदोपत्री मालकी एका ठिकाणी, व्यवहार दुसऱ्या ठिकाणी आणि पैसा तिसऱ्याच ठिकाणी, म्हणजे मेलबर्न आणि लंडनच्या शेअर बाजारात, अशी या शहराची पहिल्या दिवसापासूनची अवस्था. वर्षाला जेमतेम दहा इंच पाऊस, उन्हाळ्यात चाळिशीपार जाणारा पारा आणि चारही दिशांना शेकडो किलोमीटर लाल माती. अशा जागी माणसांनी एखादं खनिज उकरून काढावं आणि ते संपलं की चंबूगबाळं आवरून निघून जावं, हाच जगाचा रिवाज. ब्रोकन हिल मात्र 1883 पासून आजवर टिकून आहे, आणि नुसतं टिकून नाही. 2015 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वारसा यादीत अख्खं शहर घेतलं गेलं, तेव्हा तो मान मिळवणारं ते देशातलं पहिलं शहर ठरलं. हे कसं झालं, याचं नेहमी दिलं जाणारं उत्तर ‘खनिज अफाट होतं म्हणून’ असं आहे. ते उत्तर अर्धवट आहे असं मला वाटतं. खनिजानं इथे वस्ती आणली. त्या वस्तीचं शहर केलं ते दूरच्या मालकांशी आणि दूरच्या सरकारशी इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या घासाघिशीनं. आणि त्या घासाघिशीची किंमत नेहमी मालकांनीच मोजली असंही नाही.

आधी खनिजाचं माप पदरात घालून घेऊ. हा मूळचा विल्याकाली लोकांचा मुलूख. 1844 मध्ये चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी इथल्या डोंगररांगेजवळून गेला, पुढे मेंढपाळांचे प्रचंड मळे आले. त्यांपैकी माउंट गिप्स नावाच्या मळ्यावर चार्ल्स रॅस्प हा जर्मन वंशाचा माणूस कुंपणावर घोड्यानं फेऱ्या मारायच्या कामाला होता. मोडल्यासारख्या दिसणाऱ्या एका काळपट टेकडीत कथील असावं असा अंदाज बांधून सप्टेंबर 1883 मध्ये त्यानं दोन सोबत्यांसह तिथे खुंट्या ठोकल्या. मळ्याचा व्यवस्थापक जॉर्ज मॅककलक याच्यासह सात जणांनी प्रत्येकी 70 पौंड घालून भागी केली. कथील काही निघालं नाही. निघाली चांदी, शिसं आणि जस्त, आणि तीही जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एका साठ्यात. बूमरँगसारखा वाकलेला हा खनिजपट्टा सात किलोमीटरहून लांब आहे. 1885 मध्ये ‘ब्रोकन हिल प्रोप्रायटरी’ ही कंपनी निघाली. आज बीएचपी या तीन अक्षरांनी जग जिला ओळखतं ती हीच. शहराच्या मध्यातून हा पट्टा आजही काळ्या ढिगाऱ्यांच्या रांगेसारखा आडवा पडलेला दिसतो, आणि त्याच्या एका अंगाला आखलेल्या रस्त्यांची नावं रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या फडताळासारखी आहेत: आर्जंट, क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड, आयोडाइड, ब्रोमाइड. ज्यानं ही नावं दिली त्याला गावाच्या भवितव्यात किती रस होता कोण जाणे, पण गाव कशासाठी आहे याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती.

खनिज म्हणजेच नशीब, हा सिद्धान्त खरा मानायला शेजारीच पुरावा आहे. पंचवीस किलोमीटरवर सिल्व्हर्टन नावाचं गाव ब्रोकन हिलच्या आधी चांदीवर फुगलं होतं. 1880 च्या दशकाच्या मध्यात तिथे तीनेक हजार माणसं होती, हॉटेलं होती, नगरपालिका होती. चांदी विरळ झाली, पलीकडे मोठं घबाड सापडलं आणि लोकांनी नुसतं सामानच नाही, काहींनी राहती पत्र्याची घरंसुद्धा उचलून गाड्यांवर घालून ब्रोकन हिलला नेली. आज सिल्व्हर्टन म्हणजे काही मोजकी घरं, एक जुनं हॉटेल आणि सिनेमावाल्यांना आवडणारं माळरान. तेव्हा साठा मोठा नसता तर ब्रोकन हिलचंही हेच झालं असतं, हे मी निमूट मान्य करतो. प्रश्न पुढचा आहे. साठा मोठा असला की त्यातून काय निघतं? त्यातून निघालेल्या पैशाचा किती भाग गावात थांबतो? आणि तो थांबवतो कोण?

पहिल्या तीस-पस्तीस वर्षांचा जमाखर्च पाहिला तर गावात थांबलं ते मुख्यतः धूर, धूळ आणि ताप. न्यू साउथ वेल्स सरकारला शेजारच्या राज्याची रेल्वे आपल्या हद्दीत नको होती आणि स्वतःची टाकायची घाई नव्हती. म्हणून सरहद्दीपासूनचा तुकडा एका खासगी कंपनीनं टाकला. 1888 मध्ये सुरू झालेल्या या लोहमार्गानं खनिज ॲडलेडच्या बाजूला पोर्ट पिरीकडे जाऊ लागलं. सिडनीशी रूळ जोडले गेले ते थेट 1927 साली. पाण्याची कथा याहून वाईट. दुष्काळाच्या उन्हाळ्यात पाणी गाड्यांवरून विकलं जाई, विहिरी आणि संडास शेजारी शेजारी, आणि 1888 च्या सुमाराला विषमज्वरानं माणसं पटापट मेली. गावाजवळ पहिलं बऱ्यापैकी धरण झालं ते 1890 च्या दशकात. तेही उन्हाळ्यात तळ दाखवी, मग आगगाडीच्या टाक्यांतून पाणी आणावं लागे. हा प्रकार 1952 मध्ये मेनिंदीच्या तलावांतून नळ येईपर्यंत अधूनमधून चालूच होता. सुरुवातीला खनिज वितळवायच्या भट्ट्या गावातच होत्या, त्यामुळे शिशाची बाधा कामगारांपुरती राहिली नाही. 1892 मध्ये सरकारला तिची अधिकृत चौकशी करावी लागली. भट्ट्यांसाठी आणि खाणीतल्या आधारांसाठी कित्येक मैलांवरची झाडं तोडली गेली. उरलेलं शेळ्यांनी आणि सशांनी खाल्लं. मग वारा सुटला की घरात आणि बाहेर फरक राहीनासा झाला. याच काळात मेलबर्न आणि लंडनमध्ये भागधारकांना लाभांश मिळत होता. साठ्याचं मोठेपण तेच होतं. त्यानं आपण होऊन गावाला काही दिलं नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. खाणकंपन्यांनी धोका पत्करला, यंत्रं आणली, नवी विद्या शोधली. त्यांच्याशिवाय हा साठा जमिनीतच राहिला असता. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही, कारण ब्रोकन हिलनं जगाच्या धातुविद्येला दिलेली देणगी खरोखरच मोठी आहे. वरच्या थरातलं मऊ खनिज संपल्यावर खाली लागलं ते शिसं आणि जस्त एकमेकांत घट्ट गुंतलेलं कठीण सल्फाइड. शिसं काढता येई, जस्त वाया जाई. 1900 च्या सुमारास जस्तानं भरलेल्या टाकाऊ चुऱ्याचे लाखो टनांचे डोंगर गावाभोवती साचले होते. उपाय निघाला तो बुडबुड्यांचा. खनिजाची बारीक पूड पाण्यात कालवून त्यात आम्ल किंवा थोडं तेल घालायचं आणि बुडबुडे उठवायचे. धातूचा कण बुडबुड्याला चिकटून फेसाबरोबर वर येतो आणि दगडाचा कण तळाशी बसतो. ऐकायला पोरखेळ वाटावा अशी ही युक्ती बसवायला चार्ल्स पॉटर, गिलॉम डेलप्राट, ऑगस्ट द बाव्हे अशा अनेकांनी वर्षानुवर्षं डोकं लढवलं, पेटंटांवरून कोर्टकज्जे केले. 1905 मध्ये तर केवळ हे ढिगारे विकत घेऊन त्यातलं जस्त काढण्यासाठी ‘झिंक कॉर्पोरेशन’ नावाची कंपनी निघाली. आज जगातलं बहुतेक तांबं, शिसं आणि जस्त याच फेसाच्या तंत्रातून जातं. कंपन्यांचं हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण हे तंत्र आल्यावर गावाचं काय झालं? खाणींचं आयुष्य वाढलं, उत्पादन वाढलं, यंत्रांच्या छिद्रकांनी उडणारी बारीक धूळही वाढली. त्या धुळीनं कामगारांच्या छातीत काय केलं, हे कुणी तपासायला गेलं नाही. तपासायला लावावं लागलं.

लावलं ते संपांनी. 1892 मध्ये मालकांनी आधीचा करार मोडून काम कंत्राटानं द्यायचं ठरवलं. चार महिने संप चालला, पुढाऱ्यांना कटाच्या आरोपाखाली दूर डेनिलिक्विनला नेऊन तुरुंगात टाकलं आणि संप मोडला. 1909 मध्ये बीएचपीनं मजुरीत कपात मागितली, कामगार नाही म्हणाले, टाळेबंदी झाली. लवादाचा निकाल कामगारांच्या बाजूनं लागला, तरी कंपनीनं खाण बराच काळ बंदच ठेवली. म्हणजे कायदा जिंकून दिला तरी पोट भरत नाही, हा धडा गावाला मिळाला, आणि तो गाव विसरलं नाही. मग मे 1919 मध्ये सुरू झाला तो इथे आजही ‘मोठा संप’ म्हणूनच ओळखला जातो. तो नोव्हेंबर 1920 पर्यंत, दीड वर्ष चालला. घरोघरी युनियनचा शिधा, बाहेरच्या कामगारांनी पाठवलेली वर्गणी, उधारीवर चालणारी दुकानं, आणि कामाच्या शोधात गाव सोडून गेलेली हजारो माणसं. या संपाच्या काळातच खाणकामगारांची वैद्यकीय तपासणी झाली. धुळीनं निकामी झालेली फुप्फुसं आणि क्षयाचे रोगी इतक्या संख्येनं पुढे आले की तो विषय केवळ मजुरीचा राहिला नाही. शेवटी न्यायमूर्ती एडमंड्स यांच्या निवाड्यानं जमिनीखाली काम करणाऱ्यांना आठवड्याला 35 तास, रात्रपाळीवर बंधन आणि धुळीच्या रोग्यांना भरपाई मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या बाकी कामगारांना 40 तासांचा आठवडा मिळाला तो 1948 साली. म्हणजे वाळवंटातल्या या एका गावानं देशाला अठ्ठावीस वर्षं मागे टाकलं होतं. या तारखांमध्ये माझ्या मुद्द्याचा मुख्य पुरावा आहे. 1918 आणि 1921 मध्ये जमिनीखालचं खनिज तेच होतं, मालक तेच होते, हवा-पाणी तेच होतं. बदललं ते एवढंच की खाण चालवायची तर कुणाला विचारावं लागेल याचा निकाल लागला होता.

त्यानंतर जे घडलं ते संपापेक्षा जास्त नवलाचं आहे, आणि इतिहास सांगणारे बरेच जण तिथे घाई करतात. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला निरनिराळ्या युनियन एकत्र येऊन ‘बॅरियर इंडस्ट्रियल कौन्सिल’ उभी राहिली आणि मालकांशी थेट करार करू लागली. 1925 पासून पगाराला ‘लेड बोनस’ जोडला गेला. लंडनच्या बाजारात शिशाचा भाव चढला की ब्रोकन हिलच्या प्रत्येक कामगाराचं पाकीट फुगणार, असा हा सौदा. कोरियन युद्धाच्या काळात भाव भडकले तेव्हा हा बोनस मूळ मजुरीच्याही वर गेला. एकेकाळी संपांसाठी बदनाम असलेल्या गावात पुढची कित्येक दशकं मोठा संप झाला नाही, कारण संपाचं काम करार करू लागले. कौन्सिल मात्र खाणीच्या फाटकापाशी थांबली नाही. पावाचा भाव, बिअरचा भाव, दुकानं कधी उघडायची, कुठल्या दुकानावर बहिष्कार घालायचा, यावरही तिचा शब्द चाले. राज्यभर दारूचे गुत्ते संध्याकाळी सहाला बंद करायचा कायदा होता, तो इथे फारसा कुणी मनावर घेतला नाही. नाणी उडवून पैज लावायचा ‘टू-अप’ हा खेळ बेकायदा असूनही उघड चाले. पुढे राज्य सरकारनंच हात टेकले आणि शहराला त्यासाठी खास परवानगी दिली. युनियनच्या मालकीचं ‘बॅरियर डेली ट्रुथ’ हे वर्तमानपत्र 1908 पासून रोज निघू लागलं. सदस्याच्या वर्गणीतच त्याचे पैसे असत, त्यामुळे घरोघरी ते पडायचंच. खाणीच्या मालकांची बाजूही त्यात वाचायला मिळे, पण मथळा कुणी द्यायचा हे ठरलेलं होतं. आर्जंट स्ट्रीटजवळच्या सल्फाइड स्ट्रीटवर 1905 मध्ये पुरा झालेला ट्रेड्स हॉल पाहिला की सत्ता कुठे होती ते कळतं. पत्र्याच्या घरांच्या गावात कामगारांनी आपल्या पैशानं बांधलेला हा दगड-विटांचा, नक्षीदार महाल एखाद्या श्रीमंत बँकेला शोभावा असा आहे.

ही सत्ता प्रत्यक्षात कशी चाले ते ‘बॅज शो डे’ला दिसे. ठरावीक मुदतीनं हा दिवस येई. पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकानं वर्गणी भरल्याचा चालू तिमाहीचा बिल्ला छातीवर लावून फाटकापाशी युनियनच्या माणसासमोरून जायचं. बिल्ला नसेल त्यानं घरी जायचं. कंपनीला तो माणूस हवा असला तरी त्याच्याबरोबर कुणी खाली उतरणार नाही, त्यामुळे कंपनीच्या हवं-नकोला अर्थ नव्हता. टिनच्या त्या लहानशा बिल्ल्यात सगळा करार सामावलेला होता: आत असलेल्याला संरक्षण, बाहेर असलेल्याला दार बंद.

आणि बाहेर कोण? इथे दुसरा आक्षेप उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा कितीतरी जड आहे. ही लोकसत्ता नव्हती, एका गटाची मक्तेदारी होती, असं टीकाकार म्हणतात. त्यांचा पुरावा भक्कम आहे. खाणीत नोकरी मिळण्यासाठी ब्रोकन हिलला जन्म झालेला असावा, किंवा तिथे शिक्षण झालेलं असावं, किंवा बरीच वर्षं वास्तव्य असावं, किंवा इथल्या मुलीशी लग्न झालेलं असावं. बाकी सगळे ‘फ्रॉम अवे’, बाहेरचे. तीस वर्षं गावात काढलेला माणूसही बोलण्यात ‘बाहेरचा’च राहू शके. बायकांच्या बाबतीत नियम याहून कडक होता. लग्न झालं की नोकरी सोडायची. नवऱ्याचा पगार चांगला आहे, मग ती जागा एखाद्या अविवाहित मुलीला किंवा विधवेला मिळावी, असं समर्थन दिलं जाई. मंदीच्या दिवसांत त्यात थोडंफार तथ्य असेलही. पण हा दंडक पन्नासेक वर्षं टिकला. 1981 मध्ये दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्या एका विवाहित बाईनं भेदभावविरोधी कायद्याचा आधार घेऊन दाद मागितली, तेव्हा कुठे तो मोडला. बाकी देशात विवाहित बायकांवरची अशी बंधनं तोवर उठत आली होती. मालकांपुढे एका पावलानंही मागे न सरणारी संघटना आपल्याच घरातल्या बायकांपुढे मालकासारखी वागली, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

कुंपणाबाहेरच्यांमध्ये आणखी एक वस्ती होती आणि तिच्याशी आपला दुवा आहे. रूळ येण्याआधी आणि रूळ पोहोचत नव्हते तिथे मालवाहतूक उंटांवरून चाले. उंट आणि ते हाकणारे पठाण, बलुची, सिंधी, पंजाबी लोक मुख्यतः कराचीहून जहाजानं ऑस्ट्रेलियात आणले जात. त्या काळी कराची मुंबई इलाख्यात होतं, म्हणजे या माणसांच्या प्रवासाची सुरुवात ज्या बंदरातून होई त्याचा कारभार मुंबईच्या गव्हर्नरकडे होता. ऑस्ट्रेलियन लोक या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत, पुढे नुसतं ‘घान’. ब्रोकन हिलच्या वेशीवर त्यांची छावणी होती आणि पन्हाळी पत्र्यांची एक लहानशी मशीद होती. ती आजही उभी आहे, आता संग्रहालय म्हणून. खाणीत त्यांना जागा नव्हती. ‘गोरा ऑस्ट्रेलिया’ ही त्या काळच्या मजूर चळवळीचीही घोषणा होती. पहिलं महायुद्ध चालू असताना, 1 जानेवारी 1915 रोजी, सिल्व्हर्टनला सहलीला निघालेल्या उघड्या डब्यांच्या आगगाडीवर दोघांनी गोळ्या झाडल्या. एक गुल महंमद, आइस्क्रीमची गाडी चालवणारा. दुसरा मुल्ला अब्दुल्ला, छावणीतला इमाम आणि खाटीक, ज्याला परवान्याच्या जागेबाहेर मेंढ्या कापल्याबद्दल दंड झाला होता. दोघेही वायव्य सरहद्दीकडचे, पण आइस्क्रीमच्या गाडीवर त्यांनी तुर्कस्तानचा झेंडा लावला होता. चार निरपराध माणसं मेली. हल्लेखोरही संपले. त्या रात्री जमावानं चिडून गावातला जर्मन क्लब जाळला, ज्याचा या प्रकाराशी काडीचाही संबंध नव्हता, आणि मग उंटवाल्यांच्या छावणीकडे मोर्चा वळवला. पोलीस आणि सैनिक आडवे आले म्हणून ती वस्ती वाचली. दुसऱ्याच दिवशी खाणींनी शत्रुदेशांच्या म्हणून ओळखल्या गेलेल्या कामगारांना काढून टाकलं. गावाची स्थापना करणारा रॅस्प स्वतः जर्मन होता, ही गोष्ट त्या दिवशी कुणाला आठवली असेल असं वाटत नाही.

मग या आक्षेपाला उत्तर काय? पूर्ण उत्तर नाही, असं मी म्हणेन. ही एकजूट बाहेरच्यांना बाहेर ठेवूनच भक्कम झाली होती. दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. चांगला भाग ठेवून वाईट भाग गाळलेलं ब्रोकन हिल इतिहासात कधी नव्हतंच. पण टीकाकार यातून जो निष्कर्ष काढतात, की कौन्सिल नसती तर गाव अधिक मोकळं झालं असतं, त्याला आधार सापडत नाही. कौन्सिलच्या आधीच्या ब्रोकन हिलमध्ये विवाहित बायकांना आणि उंटवाल्यांना कुठलीही दारं उघडी नव्हती. फक्त दार बंद करणारा हात वेगळा होता.

कुंपणानं कधीकधी काय साधतं याचा एक वेगळाच नमुना याच गावात आहे, आणि त्यात कंपनी आणि गाव एका बाजूला उभी होती. ॲल्बर्ट मॉरिस सेंट्रल खाणीत धातू तपासणारा नोकर. छंद वनस्पतींचा. 1920 मध्ये गावात निसर्गप्रेमींचा क्लब निघाला त्याच्या संस्थापकांत तो होता. बायको मार्गारेटसह त्यानं माळावरच्या झुडपांच्या नोंदी करता करता एक गोष्ट ताडली: ही जमीन मेलेली नाही, तिला कुणी वाढू देत नाही. झाडं लावण्यापेक्षा शेळ्या, गुरं आणि ससे बाहेर ठेवले तर मातीतलं बी आपण होऊन उगवेल. त्या काळात ही गोष्ट बहुतेकांना वेडगळ वाटली असणार, कारण वाळवंटात हिरवळ आणायची म्हणजे पाणी आणि रोपं, हेच सर्वांना ठाऊक. 1936 मध्ये झिंक कॉर्पोरेशननं गावाच्या दक्षिणेला नव्या इमारती उभारायचं ठरवलं आणि वाळूनं त्या बुजतील ही धास्ती व्यवस्थापकाला होती. त्यानं मॉरिसचं ऐकलं. जाळीची कुंपणं पडली. थोडी झाडं लावली गेली, बाकी जमीन नुसती सोडून दिली. दोन-तीन वर्षांत खारट पानांची सॉल्टबुश झुडपं, गवतं आणि ‘मल्गा’ वृक्षांची रोपं उभी राहिली, आणि उडणारी वाळू तिथेच बसू लागली. इतर खाणी आणि सरकार पुढे आले. मॉरिस 1939 च्या जानेवारीत वारला, काम चालू राहिलं आणि 1950 च्या दशकात गावाभोवतीचा पट्टा जवळजवळ पुरा झाला. कंपन्यांनी गावासाठी काहीच केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हा पट्टा बघावा. फक्त तारीख विसरू नये. 1936 ची झिंक कॉर्पोरेशन ही 1892 ची बीएचपी नव्हती. कामगार गावात टिकून राहिले तरच खाण टिकेल, हे तिला 1920 नंतरच्या करारांनी शिकवलं होतं. बीएचपीनं मात्र या गावातून मिळालेला पैसा घेऊन न्यूकासलला 1915 मध्ये पोलादाचा कारखाना काढला आणि 1939 मध्ये ब्रोकन हिल कायमचं सोडलं. झिंक कॉर्पोरेशनची पुढची वंशावळ 1962 मध्ये रिओ टिंटोला जाऊन मिळाली. जगातल्या दोन अवाढव्य खाणकंपन्यांची मुळं या एका टेकडीत आहेत.

धुळीचा हिशोब मात्र हिरव्या पट्ट्यानं मिटला नाही. 1990 च्या दशकात लहान मुलांच्या रक्ताची पद्धतशीर तपासणी सुरू झाली तेव्हा शिशाचं प्रमाण चिंता वाटावी इतकं निघालं, आणि तेव्हापासून घरांची, अंगणांची सफाई आणि मुलांची नियमित चाचणी हा शहराच्या जगण्याचा भाग झाला आहे. फुप्फुसांसाठी दीड वर्ष झुंजलेल्या गावानं अंगणातल्या मातीकडे इतकी वर्षं का पाहिलं नाही? मला वाटतं, कारण धूळ हा खाणीतल्या पुरुषांचा प्रश्न म्हणून लढवला गेला. जमिनीवर रांगणारं मूल बिल्ला लावत नाही.

ढिगाऱ्यांच्या माथ्यावर 2001 मध्ये उभारलेल्या खाणकामगारांच्या स्मारकात आठशेहून अधिक नावं आहेत, आणि प्रत्येकासमोर मरणाचं कारण आहे: दरड कोसळून, खाणीच्या उभ्या विवरात पडून, शिशाच्या विषानं. हे सगळं एका शहराच्या खात्यावर आहे, ज्याची लोकसंख्या पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पस्तीस हजारांच्या घरात होती आणि 2021 च्या जनगणनेत साडेसतरा हजारांवर आली. खाणी आता थोड्या माणसांत चालतात. युनियनचा दरारा 1980 च्या दशकापासून ओसरला. त्यांच्या जागी आले चित्रकार, पर्यटक आणि आसपासच्या शेकडो मैलांच्या प्रदेशाला पुरवल्या जाणाऱ्या सेवा: विमानानं हिंडणाऱ्या डॉक्टरांचा तळ, दूरच्या मळ्यांवरच्या मुलांना एकेकाळी रेडिओवरून शिकवणारी ‘स्कूल ऑफ द एअर’. प्रो हार्ट हा इथला सर्वांत गाजलेला चित्रकार आधी खाणीतच कामाला होता. म्हणजे खनिजावरचं अवलंबन कमी होऊनही शहर विझलं नाही, आणि ‘साठा म्हणजेच नशीब’ या सिद्धान्ताला हा उरलेला धक्का.

पण दूरच्या निर्णयांचा प्रश्न तसाच आहे. 2019 मध्ये मरे नदीवरून 270 किलोमीटरची पाइपलाइन आली. पाणी शाश्वत झालं, तरी अनेक रहिवासी नाखूश होते. शहर मेनिंदीच्या तलावांवर अवलंबून राहिलं नाही की वरच्या अंगाच्या कापूसवाल्यांसाठी ते तलाव कोरडे पाडायला सरकार मोकळं होईल, असा त्यांचा संशय. ऑक्टोबर 2024 मध्ये वादळानं शहराला वीज आणणारे मनोरे पाडले आणि सुमारे वीस हजार लोकांची वीज कधी गेली, कधी आली, पुन्हा गेली. गावाजवळ मोठी सौर वसाहत आहे, सिल्व्हर्टनच्या टेकड्यांवर पवनचक्क्यांची रांग आहे, नवी कोरी प्रचंड बॅटरीही आहे. पण ही सगळी वीज बाहेरच्या जाळ्यासाठी बांधलेली, जाळं तुटल्यावर गावाला लगेच देता येईल अशी तिची रचनाच नव्हती. आणि गावासाठी ठेवलेल्या दोन राखीव जनरेटरांपैकी एक आधीपासूनच नादुरुस्त. पुढे चौकशी लागली. 1919 मध्ये असल्या वेळी गावाकडे एक हत्यार होतं: खाण बंद पाडली की मेलबर्नला आणि लंडनला ऐकू जाई. सूर्य आणि वारा बंद पाडता येत नाहीत, आणि त्यांच्या फाटकापाशी बिल्ले तपासायला माणसंही लागत नाहीत.